साठी उलटलेल्या कामगारांची निवृत्ती : कारखानदाराने कशी हाताळावी?

भट्टीवाला

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. पटावर चाळीसच्या आसपास माणसे आहेत आणि त्यांपैकी तिघे साठीच्या पुढे गेलेले आहेत. मोल्डिंगचे (वाळूचे साचे करण्याच्या कामाचे) मुख्य मिस्त्री, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, १९७९ पासून आमच्याकडे आहेत आणि कागदोपत्री त्यांचे वय अडुसष्ट आहे. दुसरे पॅटर्न शॉपमधील, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करणारे सुतार आणि तिसरे स्टोअर सांभाळणारे अण्णा, हे दोघे बासष्ट-त्रेसष्टचे आहेत. वडिलांनी उद्यमनगरात एका शेडमध्ये काम सुरू केले तेव्हा निवृत्तीचे वय लिहून ठेवण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. ज्याला झेपेनासे होई तो आपण होऊन थांबत असे. मामा आपण होऊन थांबतील अशी चिन्हे नाहीत.

त्यांच्या कसबाबद्दल शंका नाही. मूठभर वाळू दाबून, ती मधोमध मोडून ते ओलावा सांगतात आणि प्रयोगशाळेतील आकडा त्याच्या जवळपासच येतो. परंतु एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला असून दुसऱ्याचे ऑपरेशन ते टाळत आहेत, आणि ओतकामाच्या वेळी वितळलेल्या धातूच्या रसाने भरलेली लॅडल क्रेनवरून निघाली की नेमके तिच्या वाटेवर उभे राहून सूचना देतात. शिवाय साचा सदोष झाल्याचे तरुण मुलांना दिसले तरी मामांच्या देखत कोणी बोलत नाही, आणि मग मशिनिंगला गेलेले कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट होऊन परत येते.

त्यांना कायद्याने थांबवता येते का, थांबवल्यास काय काय द्यावे लागते, आणि ज्यांनी मला लहानपणी कडेवर घेऊन कारखाना दाखवला त्यांना हे तोंडाने कसे सांगावे, असा पेच आहे. "मी आहे तोवर मामाला काढायचे नाही," असे वडिलांचे म्हणणे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

तांबडा_पांढरा

मामांना अजून सात वर्षे राबवा. पासष्टला एसटीचे अर्धे तिकीट झालेच आहे, पंचाहत्तरीला पूर्ण माफ होईल. मग कारखान्यात येण्याजाण्याचा खर्चही वाचेल.

नोंदवही

मी कामगार कायद्याचे सल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे आधी कायद्याची बाजू मांडतो.

खासगी कारखान्यातील कामगार अमुक वयाला आपोआप निवृत्त होतो, असा सरसकट नियम नाही. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींच्या ज्या नमुना नियमांना आपण स्टँडिंग ऑर्डर्स म्हणतो त्यांत, वेगळा करार नसल्यास साठ हे वय धरलेले आहे; परंतु आपल्या राज्यात ते आदेश पन्नास कामगारांपासून लागू होत असत, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा तीनशेवर नेली आहे. म्हणजे तुमच्या चाळीस माणसांच्या कारखान्याला जुन्या हिशेबानेही त्यांचा आधार नव्हता आणि नव्यानेही नाही. तुमच्याकडे निवृत्तीचे वय असेल तर ते नेमणूकपत्रात किंवा करारातच असले पाहिजे.

ते नसताना मामांना "उद्यापासून येऊ नका" असे सांगितले, तर त्याला निवृत्ती म्हणता येणार नाही. ती कामगार कपात समजली जाऊ शकते. तसे ठरले तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, हे ग्रॅच्युइटीच्या (दीर्घ सेवेबद्दल नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांच्या) व्यतिरिक्त द्यावे लागेल. मामांची सेवा पाहता ही रक्कम लहान नाही.

व्यवहार्य मार्ग असा, की निवृत्तीचे वय सर्व कामगारांशी बोलून, सर्वांच्या सह्यांनिशी लेखी ठरवावे आणि जे आधीच त्यापुढे गेले आहेत त्यांच्यासाठी पुढची एक तारीख नेमावी. नियम एकट्या मामांसाठी केला, तर तो नियम राहत नाही. त्याला सूड म्हणतील, आणि न्यायालयातही तसेच म्हणता येईल.

बिंदू_चौक

नोंदवही सरांशी सहमत आहे. कामगार चळवळीत आयुष्य गेले असल्याने सल्लागाराशी सहमत होण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते.

मात्र भट्टीवाला साहेबांनी मामांच्या डोळ्यांविषयी, वाळूविषयी आणि रिजेक्शनविषयी लिहिले, ग्रॅच्युइटीची तरतूद केली आहे की नाही हे लिहिलेले नाही. आपल्याकडे पुष्कळ लहान कारखान्यांत म्हातारा माणूस कामावर टिकून राहण्याचे खरे कारण हेच असते, की त्याला मोकळे करायचे म्हटले तर एकरकमी पैसे मोजावे लागतात. मग मालक म्हणतो, "मामांचे आमच्यावर प्रेम आहे," आणि मामा म्हणतात, "हिशेब मिळाल्याशिवाय जायचे कसे?" ही दोन्ही वाक्ये मी एकाच कारखान्यात, एकाच दिवशी ऐकलेली आहेत.

हिशेब साधा आहे. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला सव्वीसने भागायचे, पंधराने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे; शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरायचे. समजा मामांचे वेतन २०,८०० रुपये आहे. सव्वीसने भागले की दिवसाला ८०० रुपये, पंधरा दिवसांचे १२,०००, आणि सत्तेचाळीस वर्षे धरली तर ५,६४,००० रुपये होतात. साठीनंतरची वर्षे यातून वगळता येत नाहीत, कारण सेवा अखंड आहे. कायद्याची कमाल मर्यादा २०१८ पासून वीस लाख आहे, तेव्हा तीही आड येत नाही. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते. त्यानंतर व्याज चढते.

भट्टीवाला

बिंदू_चौक, रास्त प्रश्न आहे. आयुर्विमा महामंडळाच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत वडिलांनी पूर्वी पैसे भरले होते, मात्र गेली काही वर्षे भरणा तोकडा पडलेला आहे. तिघांचा हिशेब एकदम द्यायचा झाल्यास थोडे कर्ज काढावे लागेल. मामांचे वेतन तुम्ही धरले त्याच्या आसपासच आहे.

कागलकर

एवढा घोळ कशासाठी घालता? पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत माझे मशिन शॉप आहे. साठी झाली की माणसाचा हिशेब देऊन त्याला पटावरून काढतो आणि दुसऱ्या दिवसापासून व्हाउचरवर ठेवतो. त्याला रोख पैसे मिळतात आणि आपल्याला पीएफ-ईएसआयची (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार राज्य विमा यांची) कटकट राहत नाही. दोघेही खूश असतात.

बिंदू_चौक

कागलकर, दोघेही खूश असतात ते अपघात होईपर्यंत. तुमच्या व्हाउचरवरच्या माणसाचा हात लेथमध्ये सापडला, तर तो कोणाचा कामगार आहे हे ठरवण्यासाठी पट कोणी पाहत नाही. काम कोणाचे, जागा कोणाची आणि पैसे कोण देत होते हे पाहिले जाते.

नोंदवही

कागलकरांच्या माहितीसाठी आकडाच देतो. ईएसआयला वयाची अट नाही. वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल तर सत्तर वर्षांच्या माणसाचाही भरणा करावा लागतो आणि अपघात झाल्यास भार ईएसआय उचलते. माणूस तिच्या छत्राबाहेर असेल तर नुकसानभरपाई मालकाच्या माथी येते. कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या, तेही कमाल १५,००० रुपये धरून, निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. पासष्टनंतर हा गुणक ९९.३७ आहे, म्हणजे ७,४५,२७५ रुपये. वय वाढले की गुणक कमी होत जातो हे खरे, पण पासष्टच्या पुढे तो आणखी उतरत नाही. व्हाउचरमुळे वाचणारा भरणा आणि ही रक्कम शेजारी शेजारी मांडून पाहावी.

करवीरकन्या

मी इथे सहसा लिहीत नाही, परंतु हा विषय आमच्या घरातला आहे. माझे वडील एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करण्याच्या कामाला होते. चौसष्टाव्या वर्षी एका शनिवारी पगाराच्या पाकिटाबरोबर त्यांना सांगण्यात आले, की सोमवारपासून विश्रांती घ्या. हिशेबाचे बघू, असे मालक म्हणाले. ते बघता बघता पावसाळा गेला, दिवाळी गेली. वडील दर पंधरवड्याला इस्त्रीचा सदरा घालून कारखान्याच्या फाटकावर जात आणि वॉचमन, जो त्यांच्याच गल्लीतला होता, त्यांना बाकावर बसवून चहा देई. आत कोणी बोलावले नाही. पैसे अखेर मिळाले, तेही हप्त्यांनी आणि व्याजाविना.

पैशांपेक्षा त्यांना एक गोष्ट अधिक लागली. घरी येऊन त्यांनी आईला विचारले, "माझ्या हातून काय चुकलं म्हणून काढलं?" वयामुळे थांबवले आहे, हे त्यांना कोणी नीट सांगितलेच नव्हते. भट्टीवाला दादा, तुम्ही मामांना सांगाल तेव्हा कारण वय आहे, कामातली चूक नव्हे, एवढे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि ते चारचौघांत नको, घरी जाऊन सांगा. आधी मामींना कळले तरी चालेल.

पाचगावची_सून

करवीरकन्याताईंनी घरी जाऊन सांगण्याचा जो मुद्दा मांडला त्याला दुजोरा देते. आमचे सासरे पॅटर्नमेकर होते. त्यांच्या मालकांनी सहा महिने आधी घरी येऊन, माझ्या सासूबाईंच्या समोर, अमुक तारखेला तुम्हाला मोकळे करणार असे सांगितले आणि हिशेबाचा कागद हातात दिला. सासरे आठवडाभर गप्प होते. पुढे त्यांनीच परड्यात पत्र्याची शेड टाकली आणि पटाशी, रंधा, आकुंचन धरून मापे दाखवणारी पट्टी असे सारे सामान मांडले. आता सागवानी पॅटर्नची दुरुस्ती, फिलेट बसवणे, कोअर बॉक्स जुळवणे अशी किरकोळ कामे त्यांच्याकडे येतात. नवीन पॅटर्न सीएनसीवर निघतात, पण जुन्या पॅटर्नची डागडुजी करणारा हात उद्यमनगरात शोधावा लागतो, असे ते सांगतात. तुमच्या सुतारांचा प्रश्न यातून सुटू शकेल. मोल्डिंगचे काम मात्र परड्यात नेता येत नाही, हे मान्य आहे.

तांबडा_पांढरा

वहिनी, परड्यात भट्टी लावली तर पाचगावकर वर्गणी काढून तुम्हालाच निवृत्त करतील.

खातेवही

मी एका गिरणीच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आणि आयुष्यभर भविष्यनिर्वाह निधीचे कागद हाताळले. वर वयाची आणि ग्रॅच्युइटीची चर्चा झाली, परंतु पेन्शनकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ नुसार अठ्ठावन्नाव्या वर्षी सदस्यत्व संपते. त्यानंतर माणूस कामावर राहिला तर पीएफ चालू राहू शकतो, मात्र मालकाच्या हिश्शातील ८.३३ टक्के पेन्शन खात्यात न जाता पूर्ण हिस्सा पीएफमध्ये जायला हवा. अनेक कार्यालयांत संगणकावर जन्मतारीख तपासली जात नाही आणि अठ्ठावन्ननंतरही पेन्शनचा भरणा होत राहतो. तो पुढे दाव्याच्या वेळी अडतो आणि दुरुस्तीत महिने जातात. दुसरे असे, की पेन्शन घेण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. अठ्ठावन्न पूर्ण झाले आणि किमान दहा वर्षांची सेवा असली, की कामावर असतानाच १०-डी अर्ज भरता येतो. स्वेच्छेने साठपर्यंत थांबले तर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. साठच्या पुढे थांबून काहीही वाढत नाही.

रक्कम किती, हेही मालकांनी समजून घ्यावे. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेचे पेन्शन ६,५०० रुपयांच्या मर्यादेवर आणि त्यानंतरचे १५,००० रुपयांच्या मर्यादेवर मोजले जाते. त्यामुळे तीस वर्षे सेवा झालेल्या माणसाच्या हातीही महिन्याला चार-साडेचार हजारांच्या आसपासच पडतात. म्हातारा माणूस काम का सोडत नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यात आहे. मामांच्या स्वभावाला दोष देण्याआधी त्यांच्या पासबुकात डोकावून पाहा.

तिघांनीही पेन्शन सुरू केले आहे का?

गडहिंग्लजकर

सहज आठवले म्हणून लिहितो. साखर कारखान्यांत हंगामी कामगारांचा निवृत्तीचा हिशेब आणखी निराळा. ग्रॅच्युइटी कायद्यात हंगामी आस्थापनेतील जे कामगार वर्षभर कामावर नसतात त्यांना पंधराऐवजी सात दिवसांचे वेतन दर हंगामामागे मिळते. आमच्या भागात "परमनंट झालास का?" हा प्रश्न सोयरीक जुळवताना विचारतात, तो उगीच नाही.

नोंदवही

गडहिंग्लजकरांचे बरोबर आहे, पण भट्टीवाल्यांचा कारखाना बारमाही आहे. मूळ विषयाकडे वळू या.

कागलकर

बरे, व्हाउचरचा माझा मुद्दा मागे ठेवतो. पण मला एक सांगा, मामांना सल्लागार म्हणून नेमले आणि भट्टीपासून दूर ठेवले तर काय हरकत आहे? वाळूचे ज्ञान वाया कशाला घालवायचे?

बिंदू_चौक

हरकत काहीच नाही, फक्त मामा दूर राहिले पाहिजेत. माझ्या माहितीतील प्रत्येक "सल्लागार मिस्त्री" पहिल्या आठवड्यात खुर्चीवर बसतो, दुसऱ्या आठवड्यात खुर्ची शॉप फ्लोअरवर येते आणि तिसऱ्या आठवड्यात ती रिकामी असते. मामा रॅमर (साच्यातील वाळू ठोकण्याचे साधन) हातात घेऊन उभे असतात आणि नवा मिस्त्री त्यांच्या मागे उभा असतो. साहेबांनीच लिहिले आहे, की मुले त्यांच्या देखत बोलत नाहीत. पद बदलून ते बदलणार नाही. शिकवायचे असेल तर शिकवण्याचे दिवस ठरवा, ओतकामाचा दिवस त्यात नको, आणि मुलांची नावे लिहून द्या.

खातेवही

यात कागदाची खबरदारीही हवी. आधी जुन्या सेवेचा पूर्ण हिशेब द्यायचा, त्याची पोच घ्यायची, आणि मगच ठराविक मुदतीचा वेगळा करार करायचा. मधल्या काळात हिशेब न देता नुसते पदनाम बदलले तर सेवा अखंडच राहते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठराविक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट लागत नाही, हे करार लिहिताना ध्यानात ठेवावे.

भट्टीवाला

सर्वांचे आभार. काही गोष्टी तपासल्या, त्या इथे मांडतो.

मामा आणि सुतार यांचे पेन्शन सुरू आहे. अण्णांनी अर्जच केलेला नाही. काम सोडल्याशिवाय पेन्शन मिळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. खातेवहींची टिपण मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती तीन वेळा वाचायला लावली.

आता नवीनच अडचण उद्भवली आहे. वयाचा विषय काढताच मामांनी सांगितले, की त्यांची जन्मतारीख चुकीची आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५७ आहे, परंतु कोयनेच्या भूकंपाच्या वेळी आपण पाळण्यात होतो असे त्यांची आई सांगत असे. त्या हिशेबाने त्यांना आत्ताशी कुठे अठ्ठावन्न-एकोणसाठावे वर्ष असेल.

तांबडा_पांढरा

एक जून! महाराष्ट्राचा राष्ट्रीय जन्मदिवस. गुरुजींनी शाळा उघडताना आख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला.

नोंदवही

हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्या १ जूनचे परिणाम सरकारी कार्यालयांत दरवर्षी दिसतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला राज्य शासनाचा कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी कित्येक कार्यालयांत निरोपाच्या हारांची रांग लागते.

मामांच्या बाबतीत शाळा सोडल्याचा दाखला हाच भक्कम पुरावा आहे. आधार कार्डावरील तारीख पुढे करण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२४ मध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळले, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना आधारपेक्षा शाळेच्या दाखल्याला महत्त्व दिले. शिवाय ज्या तारखेवर त्यांनी पेन्शन घेतले ती तारीख आता चुकीची म्हणता येणार नाही.

खातेवही

आणि साधे गणित पाहा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मामा तेव्हा पाळण्यात असतील, तर १९७९ मध्ये ते अकरा-बारा वर्षांचे होते. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवण्यास तेव्हाही बंदी होती. मामांना विचारा, स्वतः लहान व्हायचे की तुमच्या वडिलांना अडचणीत आणायचे?

भट्टीवाला

हे वडिलांच्या समोरच विचारले. मामा थोडा वेळ थांबून म्हणाले, "मग आईच्या ध्यानात दुसरा कुठला तरी भूकंप असेल." वडील खूप दिवसांनी इतके हसले. जन्मतारखेचा विषय तिथे मिटला.

करवीरकन्या

नावांचाही मेळ आत्ताच घालून घ्या. माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर अप्पासाहेब, आधारवर अप्पासो आणि पीएफच्या नोंदीत आप्पासाो असे, कान्यासकट चुकलेले, होते. आपल्या जिल्ह्यात हे घरोघरी आहे. बँक खात्याशी नाव जुळले नाही म्हणून दावा परत आला आणि मालक-कामगारांचे संयुक्त निवेदन भरावे लागले. कामावर असताना मालकाची सही एका दिवसात मिळते. निवृत्त झाल्यावर त्याच सहीसाठी पुन्हा फाटकावर बसावे लागते. वारस नोंदणीही पाहा, कारण जुन्या नोंदींत बहुधा आईचे नाव असते आणि लग्नानंतर ते बदललेले नसते.

बिंदू_चौक

करवीरकन्याताईंच्या मुद्द्यात एक भर. तिघांपैकी जे ईएसआयमध्ये असतील त्यांनी किमान पाच वर्षे भरणा केलेला असल्यास निवृत्तीनंतरही वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांना औषधोपचार चालू ठेवता येतात. हे मालक सांगत नाही आणि कामगाराला ठाऊक नसते. मामांच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशनही त्यातून होऊ शकेल.

निरोपाविषयीही बोलून ठेवतो. शाल, श्रीफळ आणि फेटा जरूर द्या, पण हिशेबाचा धनादेश त्याच दिवशी हातात द्या. "धनादेश पुढच्या आठवड्यात" असे म्हणून नेसवलेला फेटा डोक्याला टोचतो. आणि खंडेनवमीला भट्टीची पूजा तुमच्याकडे मामांच्या हातून होत असेल, तर ते आमंत्रण बंद करू नका. माणसाला कारखान्यातून थांबवले आहे, कारखान्याच्या सणातून थांबवण्याचे कारण नाही.

भट्टीवाला

पूजा मामांच्याच हातून होते आणि पुढेही होईल.

आतापर्यंतचे ठरलेले असे आहे. निवृत्तीचे वय साठ धरून सर्वांच्या सह्यांचा करार तयार होत आहे. त्यात माझे पन्नाशीतले दोन सुपरवायझरही आले, त्यामुळे हे एकट्या मामांसाठी चालले आहे असे कोणी म्हणत नाही. सध्या जे साठीपुढे आहेत त्यांची तारीख पुढच्या वर्षीची ३१ मार्च ठेवली आहे. समूह ग्रॅच्युइटीतील तूट तोपर्यंत तीन हप्त्यांत भरू. सुतारांना पॅटर्न दुरुस्तीचे काम घरी देऊ, हे त्यांना वहिनींच्या सासऱ्यांचे उदाहरण सांगताच पटले. लॅडलच्या वाटेवर पिवळ्या पट्ट्या मारल्या आहेत आणि ओतकाम चालू असताना ठरलेल्या चौघांखेरीज कोणीही आत येणार नाही, असा नियम आजपासूनच लागू केला आहे. पहिल्या दिवशी पट्टी ओलांडली म्हणून मीच बाहेर काढला गेलो, आणि ते काम मामांनी केले.

मामांच्या घरी वडिलांना घेऊन गेलो होतो. मामींनी ऐकून घेतले आणि "झालं एकदाचं" एवढेच म्हणाल्या. मामांनी मात्र अट घातली आहे, की त्यांच्या जागी नातवाला घ्यावे. नातू आयटीआय झालेला आहे, पण फिटर ट्रेडचा, आणि मोल्डिंगचा त्याला गंध नाही. वडिलांनी तिथल्या तिथे हो म्हटले आहे.

कागलकर

घ्या की. वारसाला नोकरी ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मुलगा घरचाच, मामांचा त्याच्यावर वचक राहील.

बिंदू_चौक

मी कामगारांच्या बाजूचा असूनही विरोध नोंदवतो. नातू मोल्डिंगला लागला की मामा रोज संध्याकाळी घरून कारखाना चालवतील. शिवाय उद्या सुतार आणि अण्णा हीच अट घालतील आणि त्यांना नाही म्हणण्याचे कारण तुमच्याकडे उरणार नाही.

पाचगावची_सून

फिटर असेल तर मेंटेनन्सला घेता येईल ना? शब्दही राहील आणि मामांचा हुकूमही त्याच्यावर चालणार नाही. भट्टीच्या पंपाचा व्हॉल्व्ह बदलताना मामा काय सूचना देणार?

नोंदवही

वहिनींची तोड चांगली आहे. दोन काळज्या घ्याव्यात. नातवाच्या नेमणुकीचा उल्लेख निवृत्तीच्या करारात मुळीच नको. तो आला, तर पुढे प्रत्येक निवृत्त कामगार त्याकडे हक्क म्हणून बोट दाखवील. नातवाचा अर्ज वेगळा घ्या, इतर उमेदवारांबरोबर मुलाखत घ्या, आणि निवड झाली तर नेमणूकपत्रात निवृत्तीचे वय पहिल्या दिवसापासून लिहा.

मामांच्या हिशेबाचा अर्ज ३१ मार्चच्या आधीच भरून घ्या. कायद्याने तीस दिवसांची मुदत असली तरी तुम्हाला धनादेश त्याच दिवशी द्यायचा आहे, तेव्हा आयुर्विमा महामंडळाकडे कागद फेब्रुवारीतच गेले पाहिजेत.

भट्टीवाला

मेंटेनन्सची जागा खरोखरच रिकामी आहे. जाहिरात देतो आणि नातवाला अर्ज करायला सांगतो. अण्णांचा १०-डी अर्ज उद्या जात आहे. त्यांच्या नावातला "साो" आधी दुरुस्त करून घेतला.